दोन मुठींचा दांडा

५ मार्च

पोचलो बाई एकदाचे! शिलाई मशीन उतरवताना टेम्पोवाल्याने असं तोंड केलं की जणू मी त्याला आख्खी विहीर उचलायला सांगितलीय. पण मशीनला ओरखडा नाही, ठकीची खाट शाबूत, कपबश्यांतली एकच बशी फुटली. एवढ्यावर निभावलं हे काय कमी आहे!

घर अगदी मनासारखं. तळमजला, दोन खोल्या, नळ आत, आणि मुख्य म्हणजे दाराला उंबरा नाही. चाकाची खुर्ची सरळ आत आली. जुन्या घराच्या पायऱ्यांनी माझ्या कंबरेचं पार वाटोळं केलं होतं. ठकीची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी लावली, म्हणजे तिला जाणारे-येणारे दिसतील. खाटेच्या पायथ्याशी माझं मशीन.

ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण. खरं नाव फक्त कागदोपत्री. गेल्या वर्षी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एके काळी ही बडबडायला लागली की दादा कानात बोळे घालायचा. आता डोळ्यांनी बोलते, आणि फारच चिडली तर घशातून एक आवाज काढते. डावा हात धड आहे, पण तो आपणहून उचलत नाही. मांडीवर ठेवते नुसता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा.

दादा उद्या पहाटे निघेल. त्याच्या गावाला पोचायला अख्खा दिवस जातो. निघण्याआधीच त्याने पुन्हा तो विषय काढला, की ठकीला आमच्याकडे पाठव, तुझी वहिनी काही नाही म्हणणार नाही. मी म्हटलं, माझी आहे, मी बघते.

घरात खोट एकच. दार खालून फुगलंय. बाहेरून ढकललं तर ढिम्म हलत नाही. आतून कडी दोन्ही हातांनी धरून वर उचलत ओढावं लागतं. करून घेईन सावकाश.

९ मार्च

कोपऱ्यावरच्या धुलाईच्या दुकानातून काम मिळालं. उसवलेलं, फाटलेलं, तोकडं झालेलं सगळं माझ्याकडे. कपडे घरी आणून शिवायचे, त्यामुळे ठकीला एकटं टाकावं लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू भल्या आहेत, मी दुकानात जाते तेवढा वेळ येऊन बसतात आणि तिला स्वतःच्या सगळ्या दुखण्यांचा इतिहास सांगतात. बिचारी उठून जाऊ शकत नाही, काकूंना याहून चांगला श्रोता कुठे मिळणार!

बाकी तेच. अंग पुसा, कूस बदला, भरवा, चादर बदला, पुन्हा कूस बदला. मग मशीन. घर बदललं म्हणून शीण थोडाच बदलतो. तो सामानाबरोबरच आला.

१२ मार्च

फुगलेलं दार घासायला कानस हवी म्हणून जुन्या बाजारात गेले. एक म्हातारा आणि त्याची बायको जुनी हत्यारं मांडून बसतात. कानस सुटी द्यायला तयार नव्हता. हातोडी, पकड, कानस आणि आणखी एक कसलंसं हत्यार, सगळं एका फडक्यात बांधलेलं, घेतलं तर सगळं घ्या म्हणे. ते चौथं काय आहे विचारलं तर ऐकूच न आल्यासारखं केलं.

भारी चौकस माणूस. घरी कोण कोण, विचारत होता. मी म्हटलं, आम्ही दोघी बहिणी. सख्ख्या का? हो बाबा, सख्ख्या. एकमेकींवर माया आहे ना? आता हत्यारं विकत घ्यायला मायेचा दाखला लागतो की काय! म्हटलं, आहे. मग न्या, म्हणाला. बायको सगळा वेळ खाली बघत होती.

माझी नजर मेली कपड्यांवरच जाते. त्याच्या सदऱ्याला छातीच्या मधोमध रफू केलेलं होतं, रफूवर पुन्हा रफू, एकाच जागी. त्यापेक्षा तिथे एक ठिगळ लावलं असतं तर शोभलं असतं.

१४ मार्च

कानस बोथट निघाली. दार होतं तिथेच आहे. फसवलं थेरड्याने.

ते चौथं हत्यार मात्र डोक्यातून जात नाही. लाकडी दांडा, जेमतेम दोन मुठी मावतील एवढा. पुढे लोखंडाचं पातं, मागे वळलेलं, गळासारखं. धार आतल्या अंगाला, म्हणजे धरणाऱ्याच्या बाजूला. गंजाचा ठिपका नाही. दांडा वापरून वापरून झिजलाय, बोटांच्या खाचा पडल्यात. माझी उजवी मूठ त्यात बसवून पाहिली तर अशी बसली की जणू मापाने शिवलंय.

आयुष्य सुया-कात्र्यांत गेलं माझं. एखादी वस्तू कशासाठी आहे ते कळलं नाही की मला चैन पडत नाही. आता याचा छडा लावल्याशिवाय गप्प बसायची नाही.

१९ मार्च

छडा कसला, माझा नुसता फुटबॉल झालाय. कुलपं दुरुस्त करणारा म्हणाला, धार आपल्याकडे म्हणजे हे ओढायचं हत्यार, पण आमच्यातलं नाही, चपला शिवणाऱ्याला विचारा. चपला शिवणारा म्हणाला, असल्याने चामडं फाटेल, बागेवाल्याला विचारा. बागेवाला म्हणाला, याने फांदी नाही कापायची हो, दाताच्या डॉक्टरला दाखवा, आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

एक गंमत लक्षात आली. जो कुणी हातात घेतो तो मागची खाच धरतो आणि नकळत स्वतःकडे ओढतो. मग एकदम दचकून माझ्या हातात परत देतो.

२१ मार्च

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवतच नाही!

दुपारी खाटेशी बसून ते हत्यार निरखत होते. ओढायचं आहे तर काय ओढायचं, असं मनाशी म्हणत जरा छातीशी आणलं, आणि ठकीने झडप घातली. आपणहून! डाव्या हाताने दांड्याची पुढची बाजू गच्च पकडली. वर्षभरात जो हात चमच्याकडे गेला नाही तो! मी ओढलं तरी सोडेना. मी हसतेय, रडतेय, ओढतेय, आणि ही घट्ट धरून बसलीय.

काकूंना हाका मारून बोलावलं. त्यांनाही भरून आलं. जुन्या घरी व्यायाम शिकवायला यायच्या त्या बाई सांगायच्याच, तिला काहीतरी ओढाताणीचं द्या, हातात बळ येईल. घ्या! कशाचं हत्यार ते कळायचं तेव्हा कळो, आमच्या कामाला आलं.

२८ मार्च

रोज दुपारी आमचा खेळ चालतो. मी मागून ओढते, ठकी पुढून धरते. ओढायला फार बरं वाटतं. कसं सांगू, खांद्यातला, कंबरेतला सगळा शीण त्या दांड्यातून निघून जाईल असं वाटतं. अजून थोडं ओढलं की संपला, कायमचा.

काल खेळता खेळता मला बसल्या जागी डुलकी लागली. जाग आली तरी दोघींचे हात दांड्यावरच. ठकी घामाने निथळत होती, नजर त्या पात्यावर. म्हटलं, वेडे, मी झोपले तरी तू आपली जिंकायचीच!

गाऊनला पुढे चीर पडलीय. छातीच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढी. खिळ्याला अडकून फाटलं तर दोरे लोंबतात. हे कापलेलं आहे, सरळ, स्वच्छ. मांडीवर कात्री असेल माझ्या. रफू केलं.

३ एप्रिल

ठकी वाळत चाललीय. खाते, पण अंगी लागत नाही. हाताला फोड आलेत. दुपार झाली की तिचे डोळे माझ्या उजव्या हातावर. मी म्हटलं, आज नको खेळूया, आणि हत्यार फळीवर ठेवून शिवायला बसले. मग कधीतरी मान कलली. ठकीच्या त्या घशातल्या आवाजाने जागी झाले. मी मशीनवर नव्हते, खाटेशी होते. हत्यार हातात होतं. पुढची मूठ तिने धरलेली, आणि तिच्या हातावरचा फोड फुटलेला.

फळीवरून ते मी कधी काढलं?

गाऊनला पुन्हा चीर. त्याच जागी, रफूच्या वर.

४ एप्रिल

सुताराकडे गेले. दुकानाच्या मागच्या गल्लीत त्याचा कारखाना आहे. मोठा बढाईखोर माणूस, लाकूड नुसतं हुंगून त्याचं वय सांगतो म्हणे. त्याने दांडा उजेडात फिरवला आणि मला झीज दाखवली. मागची मूठ उजव्या हाताची. पुढची डाव्या हाताची. पण बोटं उलटी. म्हणजे दोन्ही हात एका माणसाचे नाहीत. समोरासमोर दोघं. आणि लाकूड दोन्ही बाजूंना सारखंच खोल झिजलंय.

तो म्हणाला, बाई, हे दोघांनी मिळून करायचं काम दिसत नाही. एकजण ओढतोय आणि दुसरा ओढू देत नाहीये. वर्षानुवर्षं.

मी विचारलं, दुसरा म्हणजे, ज्याच्यावर हे चालवायचं तो? त्याने खांदे उडवले. तसंच असणार, म्हणाला, जिवावर बेतल्याशिवाय इतकं घट्ट कोण धरतं?

घरी कशी आले मला माहीत नाही. माझी ठकी. तिला बोलता येत नाही, पळता येत नाही, आणि मी रोज तिच्यासमोर ते धरून बसत होते. खेळ म्हणत होते त्याला! ती धरून होती कारण ती मला थोपवत होती. आग लागो माझ्या हौसेला.

५ एप्रिल

हत्यार ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली काकूंकडे. दादाला फोन केला, ये आणि तिला घेऊन जा. त्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, थकले रे. खोटं नव्हतं ते.

तिला सांगितलं तेव्हा तिने तो आवाज काढला. दिवसभर काढत होती.

८ एप्रिल

गेली.

दादा काल आला. सकाळी तिचे कपडे काढायला मी किल्ली आणून ट्रंक उघडली, आणि खुर्चीतून वाकून हिने तो दांडा पकडला. पुढच्या मुठीला. मांडीवर घेऊन बसली, छातीशी धरून. बरोबर नेणार! दादा म्हणाला, राहू दे की, एवढं आवडतंय तर. मी ओरडले त्याच्यावर. त्याला काय माहीत. एकेक बोट सोडवावं लागलं मला. किती ताकद होती त्या बोटांत! ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, विनवणीने. गाडीत बसवल्यावर डावा हात खिडकीबाहेर काढून उघडझाप करत राहिली. सगळे म्हणाले, टाटा करतेय.

घर रिकामं. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. दोन्ही लिहिते, कोण वाचणार आहे. तिचा जीव वाचला. आता झोपणार आहे मी, वर्षभराची झोप.

९ एप्रिल

ट्रंकेचं कुलूप उघडं आहे. काल हत्यार पुन्हा आत टाकून किल्ली काकूंना परत दिली होती, आणि काकू सकाळीच लेकीकडे गेल्यात.

दुपारी पडले होते. दुखलं म्हणून जागी झाले. हत्यार हातात. गाऊन नाभीपर्यंत कापलेला, आणि आत कातडीवर लाल रेघ. उथळ. मधोमध.

धार धरणाऱ्याच्या बाजूला. हे मीच लिहिलं होतं. इतके दिवस माझ्याच वहीत होतं हे.

समोरच्याला ती लागूच शकत नाही. जो ओढतो त्यालाच.

१० एप्रिल

दार उघडंच टाकून जुन्या बाजारात धावत गेले. दोघं बसलेले होते. मला बघून म्हाताऱ्याने आधी माझ्या मागे पाहिलं. बहीण कुठे? पाठवली म्हटल्यावर त्याची बायको तोंडात पदराचा बोळा घालून रडायला लागली. हत्यार परत घ्या म्हणून मी पाया पडले. हात लावेनात.

मग बाई बोलली. कुणासाठी केलंय, कुणी केलंय, त्यांनाही ठाऊक नाही. थकलेल्या माणसाच्या हातात ते येतं आणि त्याचा शीण ओढून काढतं, जिवासकट. टाकून दिलं तरी परत येतं, दुसऱ्या कुणी विकत नेलं तरच सुटतं. ओढणाऱ्याला थांबता येत नाही. दुसऱ्या कुणीतरी पुढची मूठ धरायची, बस. आणि कुणाचाही हात चालत नाही, आपण गेलेलं ज्याला सोसणार नाही त्याचाच लागतो. तिने नवऱ्यासाठी वर्षं काढली. तिचा डावा तळवा दाखवला मला. त्याला आता रेषाच नाहीत. म्हणाली, माझ्याने होईना, म्हणून मायेची दोन माणसं बघून दिलं.

मला वाटायचं मी ठकीला सांभाळतेय.

दादाला फोन केला. रडताना धड बोलताही येईना. फक्त म्हटलं, तिला आण, आत्ता आण. ती परवापासून जेवलेली नाही, म्हणाला. उद्या पहाटे निघतोय.

११ एप्रिल, सकाळ

जागीच आहे. जागं असलं की निदान—

अंग फुटतंय. डोळे मिटतात. ठकीच्या हातासारखा माझाच डावा हात पुढच्या मुठीवर ठेवून पाहिला. घसरतो. मला मी इतकी नकोशी झालेय का? म्हातारी म्हणाली तेच खरं. माझा हात मला धरत नाही.

दुपार

अक्षर वाकडं येतंय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा सुटत नाही.

युक्ती केली. वळलेलं पातं मशीनच्या लोखंडी पायात अडकवलं. आता हात कितीही ओढू दे. मशीन जड आहे. टेम्पोवाल्याला विचारा!

इथून हलता मात्र येत नाही.

ओढताना अजूनही बरं वाटतं. हे कुणाला सांगू. किती बरं वाटतं.

नंतर

लोखंड कापतंय. कुर् कुर् आवाज येतोय. अर्धा पाय कापला. ठकी, कुठवर आलीस गं.

ऊन खाली आलं

गाडी. दादाचा आवाज. दार ढकलतोय. हलत नाही, आतून दोन्ही हातांनी उचलून ओढावं— माझा एकच मोकळा. आणि तिथवर जायचं कसं.

मेलं ते दार.

खिडकी म्हणून ओरडले. खिडकीशी आण तिला. दादा काय काय विचारतोय. तिला विचारावं लागलं नाही, तिने आवाज काढला तो—

गजातून हात आत आला. डावा. फोड अजून सुकलेले नाहीत. बोटं उघडी. खाटेवरून इकडे पोचत नाही. वीतभर कमी पडतंय. वीतच.

पाय तुटत आलाय मशीनचा.

पातं सोडवून मीच एकदम तिच्याकडे झेप घेतली तर. एक क्षण मध्ये कुणीच धरलेलं नसेल. एकच क्षण.

ती मान हलवतेय, हो म्हणून. अगं, किती वाळलीस.

ठकी, ऐक. मी सोडवते, तू पकड. मी सोडवते आणि तू